निंबाच्या ओळीतल्या आज्या

तुळसाबाईनं पदराची गाठ दातांनी सोडली आणि आतला गोळा नानाजींच्या ऐरणीवर ठेवला.

नानाजी चष्म्याच्या मोडक्या काडीला दोरा गुंडाळत बसले होते. त्यांना वाटलं, बाई राख मागायला आली असेल. पोळ्याला आणि शिमग्याला ती त्यांच्या शेगडीची राख आणि खोलीतला केर टोपलीत भरून न्यायची, बदल्यात चार पैसे ठेवायची. त्यांनी मान वर न करताच विचारलं,

"राख नेऊन महिना नाही झाला वं तुले. आता काहून आली?"

"राख नाही मांगून राहिली, नानाजी. माल आणला."

नानाजींनी चष्मा नाकावर चढवला. ऐरणीवर रानबोराएवढा पिवळा गोळा होता. त्यांनी आधी दाराकडं पाहिलं, मग गोळ्याकडं, मग पुन्हा दाराकडं. सोनाराला हा क्रम कुणी शिकवत नाही. तो आपोआप येतो.

"कोणाचं हाय?"

"माहं."

"तुहं कुठून आलं?"

"तुमच्या पायाखालून," असं म्हणून तुळसाबाईनं ओट्याखालच्या नालीकडं बोट दाखवलं.

तुळसाबाई सोनझारी. इतवारीत सराफ्याच्या मागं निंबाची ओळ आहे. ओळीत अठरा दुकानं, आणि दुकानांसमोरून वाहणारी नाली. सोनार कानशीनं घासतो, हात धुतो, चूळ टाकतो, खोली झाडतो. आणि त्याच्या नखातलं, घामातलं, केसांतलं सोनं कणाकणानं नालीत उतरतं. दुकानांची फळकुटं निघण्याच्या आत तुळसाबाई तो गाळ खुरप्यानं खरवडून काढायची, डोक्यावर घेऊन नागनदीच्या काठी न्यायची, लाकडी परातीत धुवायची. तळाशी उरलेलं पाऱ्यानं गोळा करायची आणि पारा गोवऱ्यांवर उडवून लावायची. मागं जे राहतं ते सोनं. नालीचे हिस्से ठरलेले होते आणि सोनझाऱ्यांत ते मुलीला आंदण म्हणून मिळत. दुसऱ्या पोरींना लग्नात भांडी मिळतात. तुळसाबाईला निंबाच्या झाडापासून नळापर्यंतची नाली मिळाली, सात दुकानांची. भांडी झिजतात, नाली झिजली नाही.

नानाजींनी गोळा कसोटीवर घासला. काळ्या दगडावर पिवळीधमक रेघ उठली. त्यांनी ती अंगठ्यानं पुसली, चष्मा पुसला आणि पुन्हा घासला. रेघ तशीच. साडेएकवीस कॅरेट.

त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर पाटी होती : 'येथे चौदा कॅरेटचेच दागिने घडविले जातात.' चीनच्या लढाईनंतर सरकारनं तसा कायदाच केला होता. दोन वर्षांपासून अठराही दुकानांत अशी पाटी होती. एकाच रंगाऱ्यानं अठराही रंगवल्या होत्या.

"एकदाणी करून पायजे मले," तुळसाबाई म्हणाली. "गोल मण्याची. एकच सर."

"कोणासाठी? पोरीच्या लग्नासाठी?"

"पोरीचं झालं. माह्यासाठी."

"आणि घालून जाशीन कुठं?"

"नालीवर. आणखी कुठं जातो मी?"

नानाजी हसले नाहीत. त्यांनी गादीखालून छापील कागद काढला. गिऱ्हाइकाकडून सोनं आलं की तो भरायचा असे. नाव, गाव, वजन, कस, आणि सोनं कुठून आलं. कायद्यात एक फट होती : घरातला जुना दागिना मोडून नवा करायचा असेल, तर तो होता त्याच कसाचा करता येई. आणि इथंच ओळीतल्या आज्या धावून आल्या होत्या.

गेल्या दोन वर्षांत निंबाच्या ओळीत जे जे सोनं आलं, ते आजीचं आलं. चौकोनी बिस्कीट असलं, त्यावर परमुलखातला शिक्का असला, तरी आजीचंच. कामठीच्या एका गिऱ्हाइकाला तर या काळात चार आज्या निघाल्या. भिवापूरकडच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याची आजी एवढं सोनं ठेवून गेली होती, की ती जिवंत असताना चालत कशी असेल, हा प्रश्न नानाजींना आठवडाभर छळत होता. प्रश्न त्यांनी कागदावर लिहिला नाही. कागदावर त्यांनी 'आजीचा जुना दागिना' एवढंच लिहिलं आणि खाली सही केली : प्रमाणित सुवर्णकार.

आताही त्यांनी टाक दौतीत बुडवला.

"लिहितो, आजीचा जुना दागिना."

"कोणाच्या आजीचा?"

"तुह्या."

"माह्या आजीच्या नाकात पितळीची मुरणी होती. मेली तेव्हा थेबी काढून घेतली लोकाइनं. तिच्याजवळ सोनं कुठून येईन गा?"

"कागदावर येते बाई! सगळ्याइच्या आज्याजवळ येते. कायदा समजून घे. घडीव असलं तर दागिना, गोळा असला तर गुन्हा. हा गोळा घेऊन तू ओळीतून चालत आली, हाच गुन्हा झाला."

"मंग नाली लिहा."

"नालीचा रकाना नाही यात."

"रकाना नसला तर काडा. तुमच्याजवळ पट्टी हाय ना?"

नानाजींनी टाक खाली ठेवला. बाई गेल्या वीस वर्षांत त्यांच्याशी एवढं बोलली नव्हती. त्यांनी मधला मार्ग शोधला. मधला मार्ग शोधण्यात त्यांचा हात कानशीपेक्षा बरा चाले.

"असं करू. 'लग्नात आईकडून मिळालं' लिहू. खोटं नाही. नाली तुले लग्नातच भेटली ना?"

"नाली भेटली. सोनं मी काडलं." तुळसाबाईनं आपले दोन्ही हात ऐरणीवर उताणे ठेवले. गाळानं आणि पाऱ्यानं बोटांची कातडी पांढरी पडली होती, अंगठ्याच्या नखाचा पत्ता नव्हता. "दोन वर्सं दर सनवारी मुंगाच्या डाळीएवढं बाजूले ठेवलं. बाकीचं शेटजीले विकलं. शेटजी दर सनवारी घेते, एकदाबी नाही इचारलं कुठलं हाय म्हणून. आता दागिना करतो म्हटलं तर सगळ्याइले आजी पायजे."

"अवं, पण कागदावर काही लिहिलं तं तुले काय फरक पडते? तुले वाचता येते का?"

"मले नाही येत. पोलिसाले येते."

ती एवढं बोलून थांबली. नानाजींना पुढचं माहीत होतं, म्हणून त्यांनी कसोटीचा दगड उगाचच फडक्यानं पुसायला घेतला.

मोठ्या लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या, दिवसांत तुळसाबाईची आई, रंभाबाई, हीच नाली काढायची. एके दिवशी तिला गाळात सोन्याचा अखंड मणी सापडला. ती तो घेऊन शेटजींच्या, म्हणजे ओमप्रकाश शेटच्या, वडिलांकडं, बाबूजींकडं विकायला गेली. बाबूजींनी मणी पाहिला आणि म्हणाले, हा आपल्याच दुकानातला आहे, बाईनं उचलला. रंभाबाई दोन दिवस चौकीत बसून होती. मणी बाबूजींच्या तिजोरीत बसला. रंभाबाई परत आली, पुन्हा नाली काढू लागली, पण मरेपर्यंत ओळीत मान वर करून चालली नाही. नानाजी तेव्हा वीस वर्षांचे होते. याच ओट्यावर फुंकणी फुंकत होते. गाळातून मणी उचलताना रंभाबाईनं तो उन्हात धरून पाहिला होता आणि त्यांना दाखवून हसली होती.

चौकीवर त्यांना कुणी विचारायला आलं नव्हतं. तेही गेले नव्हते.

"आजीचं लिहिलं," तुळसाबाई म्हणाली, "आन उद्या कोणी म्हटलं, सोनझारनीच्या आजीजवळ सोनं कुठचं, तर मी चोर. नाली लिहिलं तर ज्याले पाह्याचं त्यानं येऊन नाली पाहावी. माह्या मायजवळ कागद नव्हता. मले पायजे."

"शेटजीले आवडणार नाही."

"शेटजीले कायले आवडलं पायजे? त्याइले थोडीच घालाची हाय एकदाणी?"

शेटजींना आवडलं की नाही हे कळायला फार वेळ लागला नाही. नानाजींची खोली म्हणजे ओमप्रकाश शेटच्या दुकानाचीच बाजूची पडवी. मधल्या पडदीला कान होते आणि ते शेटजींचेच होते. पाच मिनिटांत शेटजी स्वतः आले, मागून तीन चहा आले. तुळसाबाईसाठीही चहा आला, तोही बशीसकट, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे नानाजींनी ओळखलं.

"क्या बात है, तुळसाबाई!" शेटजी गोळा उचलून म्हणाले. "दागिना करून राहिली म्हणते. अच्छी बात है. पण हे झंझट कायले? हा गोळा मले दे आणि दुकानातली तयार एकदाणी घेऊन जा. वजनाले वजन. घडाई माफ. ओळीतली बाई तू, तुझ्याकडून काय घडाई घेऊ?"

"ते कुठलं सोनं हाय, शेटजी?"

"काय?"

"तुमच्या एकदाणीतलं. कुठून आलं?"

शेटजींची गादी चाळीस वर्षांची होती. तिच्यावर भाव विचारले गेले होते, घट विचारली गेली होती, उधार विचारलं गेलं होतं. हा प्रश्न पहिलाच. शेटजींनी सवयीनं उत्तर दिलं,

"आजीचं."

"कोणाच्या?"

शेटजी नानाजींकडं पाहू लागले, जणू आज्यांचा हिशेब त्यांच्याकडं होता. एका अर्थी होताच. नानाजींनी चहात लक्ष घातलं.

"तू जादा बोलून राहिली," शेटजींनी आवाज खाली आणला. "समजून घे. या गोळ्याचा कस काय आहे, नानाजी?"

नानाजींनी कसोटी त्यांच्यापुढं सरकवली. शेटजींनी रेघ पाहिली आणि बशी खाली ठेवली. दोन वर्षं अठरा दुकानं पाटीखाली बसून चौदा कॅरेट घडवत होती, कायद्याला विचारा. आणि त्यांच्या नालीत दोन वर्षं वाहून आलेलं सोनं साडेएकवीस निघत होतं. जुन्या दागिन्यांची घासणी म्हणावी, तर तेवढे जुने दागिने मोडायला नागपुरात तेवढ्या आज्या मेलेल्या नव्हत्या.

"बाई," शेटजी हळू म्हणाले, "नाली लिहिलं तर पुरी ओळ जाईल. तुह्या पोटावर पाय येईल. दुकानंच नाही राहिली तर नालीत काय वाहणार?"

"पाणी," तुळसाबाई म्हणाली.

"आज कागद करू नका, नानाजी. आज मंगळवार आहे."

"म्हणूनच आली ना," तुळसाबाई म्हणाली आणि तिनं चहा बशीत ओतला.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोने-नियंत्रणाचे इन्स्पेक्टर आनंदराव ओळीत येत. साताऱ्याकडचे गृहस्थ, छत्री घेऊन चालायचे, कुणाचा चहा घ्यायचे नाहीत. ओळीला हे फार अवघड जाई. चहा न घेणाऱ्या माणसाशी बोलायचं काय, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

ते आले तेव्हा शेटजी उठू पाहत होते. तुळसाबाई दारातच बसली होती, त्यामुळे उठता आलं नाही.

आनंदरावांनी छत्री कोपऱ्यात उभी केली. गोळा पाहिला, कोरा कागद पाहिला.

"हे सोनं कुणाचं?"

"माहं. नालीतलं. लिहून द्या म्हणून बसली, तर हे लोक आजी सांगून राहिले."

आनंदरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. खुरपं, परात, पारा, दर शनिवारची डाळ. मध्ये दोनदा प्रश्न विचारले आणि तिसऱ्यांदा चष्मा काढून बाईकडं नुसतंच पाहिलं. मग म्हणाले,

"सापडलेलं सोनं जाहीर केलं तर गुन्हा नाही. लपवलं तर आहे. तुम्ही जाहीर करताय. मात्र एक सांगतो, हा जुना दागिना नव्हे. म्हणजे नवा दागिना चौदा कॅरेटचाच करावा लागेल. तांबं मिसळावं लागेल. चालेल?"

"रंग जाईन," नानाजींच्या तोंडून निघून गेलं.

"जाऊ द्या," तुळसाबाई म्हणाली. "उन्हानं माहाबी गेला. टाका तांबं."

"आता कस," आनंदराव नानाजींकडं वळले. "कारागीर तुम्ही. तुम्ही लावलात?"

"लावला."

"किती?"

शेटजींनी खाकरून घसा साफ केला. मग उजव्या हाताच्या बोटांनी गुडघ्यावर हलकेच टकटक केलं. एक. मग चार. चौदा म्हटलं की सारं जागेवर बसत होतं. दुकानं, पाट्या, ही पडवी, तिच्यातली शेगडी, शेटजींकडून येणारं काम. गोळा तसाही वितळणार होता. वितळल्यावर दोन वर्षांची नाली कुणी वाचली नसती.

नानाजींनी कसोटी पाहिली. मघाशी फडक्यानं पुसताना त्यांनी ती सगळी पुसली नव्हती. एक रेघ राहिली होती. किंवा त्यांनी ठेवली होती. पुढं त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नाही.

"साडेएकवीस," ते म्हणाले.

टकटक थांबली.

आनंदरावांनी तो आकडा लिहिला आणि टाक हातातच धरून शेटजींकडं पाहिलं.

"शेटजी, हा गाळ तुमच्या दुकानासमोरचा. सोनं तुमच्या दुकानातून वाहून गेलेलं असू शकतं. तुमचा याच्यावर हक्क आहे का? असेल तर सांगा. सोनं तुम्हाला मिळेल. फक्त चौदा कॅरेटच्या दुकानातून साडेएकवीसचा कीस कसा वाहिला, तेवढं मला समजावून द्या. मला वेळ आहे."

पडवीत उन्हाळ्याचा उकाडा होता, तरी शेटजींनी बंडीचं वरचं बटण लावलं.

"आमचा काय संबंध? नाली आहे. नालीत कुठलंबी काहीबी येते."

"म्हणजे तुमचं नाही?"

"नाही जी."

"तर तसं लिहून द्या. उगाच पुढं वाद नको."

शेटजींनी लिहिलं. अक्षर दुकानी, वळणदार. नानाजींनी ते तुळसाबाईला वाचून दाखवलं : 'सदर नालीत मिळालेल्या सोन्याशी आमच्या दुकानाचा कोणताही संबंध नाही. त्यावर आमचा हक्क नाही.'

तिनं डोळे मिटून ऐकलं. "एकदा पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"पुढचंबी लिहा," ती म्हणाली.

"पुढचं काय?" शेटजी कातावले.

"पुढं जे सापडीन त्याचं. दर सनवारी तुमच्याजवळ सही मांगाले कुठं येऊ? आन तुमच्या एकट्याची नाही, साताही दुकानाची पायजे. माही नाली नळापर्यंत हाय."

आनंदरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते कोपऱ्यातल्या छत्रीला उद्देशून होतं असंही म्हणता आलं असतं.

"बाईंचं म्हणणं सोयीचं आहे," ते म्हणाले. "ज्या दुकानाला सही द्यायची नसेल, त्या दुकानाकडं मी आत्ताच जाऊन येतो."

सह्या व्हायला अर्धा तास लागला. शेटजी स्वतः कागद घेऊन फिरले. एरवी ओळीत वर्गणी गोळा करायला महिना लागे. सातव्या दुकानदारानं तर न वाचताच सही केली आणि वर ओळीच्या मंडळाचा शिक्काही मारून दिला. तुळसाबाईनं कागदाची चौघडी घातली आणि चोळीत ठेवली.

जाताना ती शेटजींसमोर थांबली.

"बाबूजी राह्यले असते तर त्याइची घेतली असती सही," ती म्हणाली. "आता तुमचीच चालवून घेतो."

आनंदरावांनी जाताजाता पाटी वाचली. "मी पुन्हा येईन," ते म्हणाले, कुणाला ते सांगितलं नाही, आणि छत्री उघडून उन्हात उतरले.

एकदाणी करायला नानाजींना अकरा दिवस लागले. तांबं पडल्यावर सोनं लालसर झालं आणि हट्टी झालं. ते हातोडीला ऐकेना, मणी कडेला चिरू लागले. पहिले नऊ मणी मोडावे लागले. दोन वर्षं चौदा कॅरेटच्या पाटीखाली बसून नानाजींनी हा धातू एकदाही हाताळला नव्हता. निंबाच्या ओळीत कायद्याबरहुकूम झालेला तो पहिला दागिना, आणि तो नालीतून आला होता. दोन तोळ्यांचे तांब्यानं तीन तोळे झाले होते, त्यामुळे मणी ठरल्यापेक्षा जास्त निघाले.

शेटजींनी खोली खाली करायचा विषय काढला नाही. फक्त नानाजींना पलीकडून येणारा चहा बंद झाला आणि दुकानाच्या मोरीला पितळेची बारीक जाळी बसली. मग शेजारच्यानं बसवली, मग त्याच्या शेजारच्यानं. सातही दुकानांनी आठवड्यात जाळ्या लावल्या.

जाळ्या लागल्याच्या दुसऱ्या दिवशी नानाजी नेहमीपेक्षा लवकर आले. दिवस नुकता वर आला होता. निंबाखाली तुळसाबाई उकिडवी बसून खुरपं चालवत होती. गळ्यात एकदाणी होती. लालसर मणी घामानं मानेला चिकटले होते, आणि ती वाकली की चिखलावर झुलत होते. येणारेजाणारे थांबून पाहत होते. ती कुणाकडं पाहत नव्हती. मान मात्र ताठ होती. नाली काढताना ती तशी ठेवणं किती कठीण, हे ज्यानं काढली त्यालाच कळावं.

"काही भेटून राहिलं का वं?" नानाजींनी विचारलं.

"चिखल. शेटजीनं सोन्याले चाळणी लावली." ती खुरपं थांबवून म्हणाली, "काही हरकत नाही. चाळणीबी झिजते."

नानाजी आत गेले. ऐरणीपाशी ठेवलेलं मांडीवरचं फडकं त्यांनी उचललं. काम झाल्यावर ते फडकं पितळी परातीत झटकायचं, हा तीस वर्षांचा नेम. त्यात आठवड्याचा कीस असतो. नानाजींनी इकडंतिकडं पाहिलं, ओट्यावर आले आणि फडकं नालीवर झटकलं. उन्हात बारीक चमक उडाली आणि चिखलावर बसली.

तुळसाबाईनं ते पाहिलं. ती उठली. बोटानं चिखलाचा तो थर अलगद उचलला, ओट्यापाशी आली आणि नानाजींच्या पायरीवर तो नीट पुसून ठेवला.

"हे तुमचं हाय."

"राहू दे ना. कोण पाह्यते?"

"कागदावर लिहिलं हाय, नालीत सापडलं. हे सापडलं नाही, तुमी टाकलं. माहा कागद खोटा होईन." तिनं बोट पदराला पुसलं. "वाहून आलं तर घेतो. टाकलेलं नाही घेत."

ती पुन्हा निंबाखाली जाऊन बसली. नानाजींनी पायरीवरचा चिखल कागदाच्या कपट्यावर घेतला, आत नेला आणि परातीत ठेवला.

दुपारी ओमप्रकाश शेट आले. चहा नव्हता, पण सोबत एक पांढऱ्या कपड्यातले गृहस्थ होते. गांधीबागेत कापडाचं मोठं दुकान असलेले. शेटजींनी हसून नानाजींच्या पाठीवर हात ठेवला, म्हणजे झालं गेलं विसरायचं होतं. पाहुण्यांनी रुमालातून पुडी काढली. पुडीत एक चौकोनी, गुळगुळीत तुकडा होता. एक कोपरा कानशीनं घासलेला. तिथं कधीतरी काहीतरी छापलेलं असावं.

"पाटल्या करायच्या आहे नानाजी," शेटजी म्हणाले. "त्याच कसाच्या. लिहा, आजीचा जुना दागिना."

नानाजींनी कागद काढला. चष्मा घातला. टाक दौतीत बुडवला आणि निबावरचा थेंब दौतीच्या काठाला टेकवून उतरवला. बाहेर नळावर तुळसाबाई परात घासत होती, लाकडावर नारळाच्या शेंड्या फिरल्याचा आवाज येत होता.

"सांगा," ते म्हणाले.

"सांगितलं ना. आजीचं."

"नाव सांगा."

"माझं? मघाशी सांगितलं की."

"तुमचं झालं लिहून," नानाजी मान वर न करता म्हणाले. "आजीचं सांगा."